अण्णांच्या गोठ्यापर्यंत

आमचं गाव राजापूर तालुक्यात. घर वर, गोठा खाली वहाळाच्या काठी, मध्ये टेपनं मोजून 130 मीटर. गाय विण्याच्या बेतात असली की अण्णा गोठ्याशेजारच्या खोलीतच झोपतात. गेल्या मार्गशीर्षात असेच गेले, रात्री पाय घसरून पडले आणि आई पहाटे चहा घेऊन गेली, तेव्हा कळलं. खिशात मोबाइल होता. पण खाली रेंजच नाही!

“आता गोठा वर आणू,” मी म्हटलं. अण्णा नुसते हसले. मग ठरवलं, घरातलं वायफायच खाली न्यायचं. मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग चालू असलं, की रेंज नसतानाही साधा फोन लागतो.

पहिला मूर्खपणा माझाच. रिपीटर आणला आणि थेट गोठ्यात लावला. जिथं सिग्नल पोहोचतच नाही, तिथं तो बिचारा पुढं काय पाठवणार? तो ठेवायचा अर्ध्या वाटेवर. पण तिथं वीज कुठली? केबल टाकावी, तर नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरपर्यंतच धड चालते. शिवाय वळिवाच्या विजांची धास्ती.

शेवटी उघड्यावर चालणाऱ्या दोन अँटेना घेतल्या. एक पडवीच्या वाशाला, दुसरी गोठ्याच्या खांबाला, एकमेकींकडे तोंड करून. गोठ्याच्या खोलीत लहानसा राउटर. वीज गेली तर सगळंच ठप्प, म्हणून दोन्ही टोकांना बॅटरीची सोय. भाऊ शिडीवर, मी खालून ओरडतेय, “डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!” तासाभरात जमलं.

चैत्र-वैशाख छान गेला. मृगाचा पाऊस लागला आणि फोन तुटायला लागले. या अँटेनांच्या मध्ये आडोसा चालत नाही. फणसाची एक फांदी पावसानं जड होऊन नेमकी मध्ये झुकली होती, आणि ओली पानं तर या लहरी शोषूनच घेतात. फांदी छाटायचं नाव काढताच अण्णा भडकले. “माझ्या आईनं लावलेलं झाड आहे. तुझ्या फोनसाठी तोडू?” मी गप्प बसले आणि मुंबईला परतले.

आषाढात एका रात्री साडेअकराला फोन वाजला. अण्णा! माझ्या काळजात धस्स झालं.

“झोपलीस का गं? पाडी झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे.”

मागं पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“आणि फणस?” मी विचारलं.

“छाटून घेतली ती फांदी. तुझी आई रोज रात्री बॅटरी घेऊन मला बघायला खाली यायला लागली होती.”