नवी तार

आम्ही उपासनेच्या पियानोला नवी तार बसवली. टोक खुंटीच्या छिद्रात घट्ट बसवून तीन वेढे घेतले. मध्ये फट राहू नये म्हणून ते उचलून एकमेकांना चिकटवले. घोडीजवळच्या वळणावर तार हलकेच दाबून सूर लावला. तरी दुसऱ्या दिवशी सूर उतरलाच! तार खोटी नव्हती. नवी पोलादी तार ताणली जाते, वेढे आवळत जातात. म्हणून काही महिने पुन्हा पुन्हा सूर लावावा लागतो.

नुकताच बाप्तिस्मा घेतलेला भाऊ किंवा बहीण दोन रविवार दिसली नाही, की नावे ठेवणे सोपे असते. त्यांच्या घरी जावे, प्रार्थनेला सोबत बसावे. प्रभूही आपल्याला एकदाच जुळवून थांबत नाही.