अम्मीचं सूप

2020 साली टाळेबंदीत माझं ऑफिस घरात आलं. मी दार लोटून घेतलं की बाहेर सगळे दबक्या आवाजात बोलत, "अब्बा कामात आहेत." ते ऐकलं आणि अम्मी आठवली.

सोलापुरातल्या आमच्या एका खोलीत अम्मी विड्या वळायची. रात्री तेंदूची पानं भिजवून ठेवायची आणि फजरची नमाज झाली की मांडीवर सूप घेऊन बसायची. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायचा, वळून दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. घरातच काम म्हणून परदा सांभाळला जाई, नमाज चुकत नसे, पोरं नजरेसमोर राहत. ही सोय खरीच होती.

पण तंबाखूची धूळ भाकरीवरही बसायची. अम्मीबरोबर आम्हीही खोकायचो. शाळेतून आलो की विड्यांची टोकं मोडायला आमचे हात लागत. कारखान्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नसत. घरात भोंगा वाजत नाही, म्हणून तिचं काम कधी सुटलंच नाही. तिच्यासाठी आम्ही कधी आवाज हळू केला नाही.

1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं. मी मात्र शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. त्या फॉर्मबरोबर भरलेली फी तिच्याच सुपातून आली होती.