राउटर थापटून घ्या!

फ्लॅट घेताना आपण वास्तू बघतो, गाडी घेताना अ‍ॅव्हरेज विचारतो, लग्नाळू मुलाचं तर पॅकेजपासून पत्रिकेपर्यंत सगळं तपासतो. आणि राउटर घेताना? अँटेना मोजतो! दोनपेक्षा चार भारी, चारपेक्षा सहा सॉलिड. खोक्यावरचा आकडा जेवढा मोठा, तेवढी नेटची चंगळ, असा आपला साधासरळ फंडा. पुण्यातल्या वन बीएचकेमध्ये तो खपूनही जातो. तिथे कुठलंही खोकं आणा, हॉलमधून बेडरूमपर्यंत नेट पोचतंच.

पण मला राउटर हवा होता तो तेरसाठी. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीकाठचं माझं गाव. तिथे आमचं माळवदाचं जुनं घर आहे आणि आई गेल्यापासून त्या घरात अण्णा एकटे असतात. त्यांना पुण्याला आणायचे सगळे प्रयत्न करून झाले. चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नाही. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रोज फोनवर ‘बरं आहे’ ऐकून माझं समाधान होईना. ऑफिसने महिन्यातले पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी दिली. बॉसची अट एकच, क्लायंटचा कॉल तुटता कामा नये. म्हणजे मी अण्णांजवळ राहणार की नाही, हे ठरणार होतं वीतभर प्लॅस्टिकच्या डब्यावर!

तसं तेरला नेटवर्क नवीन नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ‘तगर’ नावाचं मोठं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तगर म्हणजेच आमचं तेर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जायचं आणि तिथून समुद्रापार. वाटेत मोठमोठे टापू रस्त्याविना होते, असंही त्यात लिहिलंय. माल तयार, गिऱ्हाईक तयार, अडचण मधल्या वाटेची! दोन हजार वर्षांनी माझीही अडचण तीच होती. फायबर दारापर्यंत आली होती, प्लॅन शंभर एमबीपीएसचा होता. पण ढेलजेतून माजघरात जाईपर्यंत नेटचा जीव जायचा.

आता कॉल तुटला की आपण आधी राउटरला शिव्या घालतो. थांबा. दोष नेमका कुणाचा, ते पाच मिनिटांत कळतं. लॅपटॉपला राउटरची केबल थेट जोडायची. केबलवर कॉल नीट चालला आणि वाय-फायवर तुटला, तर लाइन ठीक आहे, गडबड राउटरची किंवा भिंतींची. केबलवरही तुटला, तर नवा राउटर घेऊन काही उपयोग नाही, लाइनवाल्याला फोन लावा. आमच्याकडे केबलवर सगळं सुरळीत होतं. म्हणजे गुन्हेगार घरातच होता.

गुन्हेगार म्हणजे आमच्या भिंती. दगडमातीच्या, दोन-अडीच फूट जाड. उन्हाळ्यात माजघर गार राहतं ते त्यांच्याच कृपेने. तेरच्या प्राचीन विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत, पण आमच्या घराच्या वाट्याला तसलं काही आलेलं नाही! त्यात नेट जोडणाऱ्या पोराने राउटर ठेवला होता भिंतीतल्या देवळीत. दिसायला छान, पण तीन बाजूंनी भिंत आणि शेजारी लोखंडी कपाट. लोखंड लहरी परतवून लावतं, जाड भिंत त्या गिळते, आणि पावसाळ्यात भिंत ओलावली की आणखीच गिळते.

इथे मला आठवले गोरोबाकाका. संत गोरा कुंभार तेरचेच. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटी घेऊन एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मडकं दिसतं कसं, याला कुंभाराच्या लेखी किंमत नाही. थापटल्यावर ते वाजतं कसं, ते महत्त्वाचं. राउटरचंही तसंच.

आधी खोक्यावरचा आकडा थापटू. ‘एसी १२००’ म्हणजे १२०० एमबीपीएस मिळणार का? नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, दोन्हींची बेरीज करून गोल केलेला तो आकडा आहे. तोही कागदावरचा. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो तो स्पीड कमी म्हणून क्वचितच, बहुतेक वेळा सिग्नल डळमळतो म्हणून. आपल्याला धावपटू नको, रोज वेळेवर येणारा माणूस हवा!

मग अँटेना. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला, पण किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला मर्यादा घालूनच. सगळ्या कंपन्यांना तीच मर्यादा. आणि समजा राउटर खूप मोठ्याने ओरडला, तरी उत्तर द्यायचंय तुमच्या फोनला. त्याचा आवाज बारीकच. म्हणूनच फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरी समोरचा विचारतो, ‘हॅलो, आवाज येतोय का?’

तिसरं थापटणं पट्ट्यांचं. २.४ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते. ५ वेगवान, पण भिंत दिसली की दमतो. म्हणून ‘ड्युअल बँड’ घ्याच. दुकानात एक प्रश्न नक्की विचारा, मागचे पोर्ट गिगाबिट आहेत का? काही स्वस्त ड्युअल बँड राउटरना शंभर एमबीपीएसचेच पोर्ट असतात. पुढे दोनशेचा प्लॅन घेतला तरी पदरात पडणार शंभरच.

मी फोनवर सिग्नल मोजायचं फुकटचं अ‍ॅप टाकलं आणि संध्याकाळभर घरात फिरले. हा आकडा उणेमध्ये येतो. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत, उणे ८० च्या खाली गेलात की देवाचं नाव घ्या. अण्णा ओसरीवर बसून बघत होते. ‘भिंतीला काय लावायलीस? ओल आली का?’ मी म्हटलं, ‘अण्णा, नेट कुठं मुरतंय ते बघायलेय.’ राउटर देवळीतून काढून ओसरीच्या खांबावर उंच टांगला आणि ओसरीचं काम तिथेच झालं. एक रुपयाही न खर्चता. माजघर मात्र उणे ८० च्या खालीच राहिलं.

मग उपाय काय? रिपीटरचा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. पण साधा रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. बिनतारी मेशचे दोन डबेही एकमेकांशी बोलणार त्याच भिंतीतून. शहरातल्या विटांच्या भिंतींना मेश झकास आहे, आमच्या भिंतींपुढे त्याचं काही चाललं नसतं. आम्ही दाराच्या चौकटीवरून कॅट-६ केबल आत नेली (ही केबल शंभर मीटरपर्यंत आरामात चालते) आणि माजघरात दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. तो घेताना दुकानदाराला आधीच सांगितलं होतं, घरी लावून बघणार, नाही चालला तर आठ दिवसांत परत आणणार. कबूल करणाऱ्याकडूनच घेतला. महागडा नाही, साधा ड्युअल बँड, गिगाबिट पोर्टचा, डब्ल्यूपीए-३ वाला आणि कंपनी अपडेट देत राहील असा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला.

राहिली वीज. गावात लाइट जाते, हे गृहीतच धरायचं. राउटर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, आणि एक लक्षात ठेवा, फायबरच्या डब्यालाही बॅकअप लागतो. नुसता राउटर जागा ठेवून उपयोग नाही! अवकाळीच्या विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग काढायचा. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. येते ती घरच्या वायरिंगमधून. हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलंय.

खरेदीनंतर आठवडाभर मी दोघांना थापटलं. सकाळी, भर दुपारी, गावातले सगळे मोबाइल घेऊन बसतात त्या रात्रीच्या वेळी, लाइट गेल्यावर. त्यानंतरच बॉसला हो म्हटलं.

आता चार महिने झाले. पंधरवडा पुणे, पंधरवडा तेर. अण्णांच्या फिजिओथेरपिस्टचा व्हिडिओ कॉल ओसरीवर आणि माझा क्लायंट माजघरात, दोन्ही एकाच वेळी चालतं. ‘कशाला एवढा खर्च करायलीस?’ म्हणणारे अण्णा हल्ली सकाळी चहा घेऊन येताना आधी डब्यावरचा हिरवा दिवा बघतात. आणि मी कुठून बोलतेय, हे बॉसने अजून एकदाही विचारलेलं नाही.