आनुवंशिकता मान्य करताना

मानसिक आजारात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मी कित्येक वर्षं ऐकूनच घेत नसे. त्याला कारण होतं. माणूस परिस्थितीनं घडतो, हे आमच्या चळवळीतल्या घरात बाळकडूच होतं. रक्त, बीज, कूळ ही भाषा आपल्या समाजात कुणी कुणाला खाली ठेवण्यासाठी वापरली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘खाण तशी माती’ ही म्हण निरुपद्रवी वाटू शकत नाही. जर्मनीचा इतिहास वाचला आणि संशय पक्का झाला. स्किझोफ्रेनियाच्या आनुवंशिकतेचा पद्धतशीर अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्यांतले एक मानसोपचारतज्ज्ञ अर्न्स्ट र्‍यूडिन. नाझींनी १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याचं अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांतही ते होते. या वाटेला जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

माझं मत बदललं ते शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या, स्वमदत गटात बसू लागल्यावर. मुलाला किंवा मुलीला स्किझोफ्रेनिया झालेल्या आया तिथे येतात, आणि आज ना उद्या प्रत्येकीच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो: माझं काय चुकलं? कुणाला वाटतं, नोकरीसाठी बाळाला पाळणाघरात ठेवलं म्हणून. कुणाला वाटतं, दहावीच्या वर्षी फार बोलले म्हणून. (वडिलांना हा प्रश्न विचारताना मी क्वचितच ऐकलं आहे.) माझ्या मताजवळ या बायकांना द्यायला काही नव्हतं. उलट, सगळं परिस्थितीनंच घडत असेल तर मुलाची पहिली परिस्थिती म्हणजे त्याची आई. म्हणजे मी मनात जपलेला विचार तिलाच आरोपी करत होता. हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या आयांनी तो डाग सोसला.

मग मी जे टाळत आले होते ते वाचायला घेतलं. लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला ओरेगॉनमधला अभ्यास मला हलवून गेला. स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांची ४७ मुलं, जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर गेलेली. मोठेपणी त्यांतल्या पाचजणांना तोच आजार झाला. आजार नसलेल्या आयांच्या, तशाच दूर वाढलेल्या ५० मुलांत एकालाही झाला नाही. त्या पाचजणांना त्यांच्या आईनं वाढवलंच नव्हतं. हे आकडे मी गटात सांगितले तेव्हा एका आईनं ते पुन्हा सांगायला लावले.

पण म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला की दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहते. फिनलंडमध्ये पेक्का तिएनारी यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. जन्मदात्या आईला आजार होता, अशी मुलं सततच्या ताणतणावाच्या घरात वाढली तर त्यांच्यात आजाराचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. शांत, सांभाळून घेणाऱ्या घरांत ते कमी राहिलं. जनुकीय धोका नसलेल्या मुलांवर तशाच घरांचा इतका परिणाम दिसला नाही. म्हणजे अमुक टक्के जनुकं आणि अमुक टक्के घर अशी वाटणी एका माणसापुरती करताच येत नाही. ‘८० टक्के आनुवंशिक’ हा नेहमी फेकला जाणारा आकडा लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहे. तुमच्या भावाच्या आजाराबद्दल तो काही सांगत नाही.

आणि ज्या भाषेची मला भीती होती, तिचा आधार जनुकशास्त्रानंच काढून घेतला आहे. २०२२ साली स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकसंचात नोंदल्या गेल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा आणि त्यांतल्या बऱ्याचशा तुमच्या-माझ्यातही सापडतील अशा. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कुणालाच हा आजार नसतो. सोयरीक जुळवताना ‘त्यांच्या घराण्यात वेड आहे’ म्हणून जे पाठ फिरवतात, त्यांना हे ठणकावून सांगायला हवं.

आता गटात येणाऱ्या तरुण भावंडांशी मी वेगळं बोलते. पूर्वी ‘तुझा काही संबंध नाही’ म्हणून त्यांना धीर द्यायचे. आता सांगते, की सख्ख्या भावाला आजार असेल तर तुझा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तरी तुझ्यासारख्या दहांतल्या नऊजणांना तो होत नाही. आणि म्हणूनच कॉलेजातली मुलं गांजा ओढत असतील तर तू त्याला हात लावू नकोस, झोप मोडू देऊ नकोस, काही वेगळं ऐकू येऊ लागलं किंवा उगाच संशय वाटू लागला तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नकोस. जनुकं नाकारत होते तोवर यातलं एकही वाक्य मला बोलता आलं नसतं.