साडी गार्ड

माझ्या भाच्याच्या हिमालयनला पाच गार्ड आहेत. इंजिनाखाली बॅश प्लेट, दोन्ही बाजूंना क्रॅश गार्डच्या जाड नळ्या, हँडलला हँड गार्ड, ऑइल कूलरपुढे जाळी आणि हेडलाइटपुढे दुसरी जाळी. आणखी एक गार्ड मागच्या चाकाशी होता, तो कंपनीनेच गाडीबरोबर दिलेला. सामानाच्या बॅगांसाठी स्टँड बसवताना तो मधे आला आणि त्याने गाडीचा लूकही बिघडत होता म्हणे, म्हणून तो काढून माळ्यावर टाकला. त्याचं नाव साडी गार्ड.

भाचा कराडला राहतो, मी चिपळूणला. मधे कुंभार्ली घाट. मागच्या हिवाळ्यात तो बायकोला घेऊन आमच्याकडे यायला निघाला. पाटणच्या अलीकडे गाडी हळूच चालली होती. सून एका बाजूने बसलेली. तिच्या बुरख्याचं टोक मागच्या चाकाच्या तारांमध्ये गेलं, कापड आवळत गेलं आणि ती ओढली जाऊन रस्त्यावर पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मागून एसटी किंवा ट्रक येत नव्हता, म्हणून मनगटावर निभावलं. भाच्याचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मामू, गाडी को खरोंच भी नै आयी."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. घाबरलेला माणूस दिसेल ते सांगतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दापाशी अडायची सवय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123व्या नियमात साडी हा शब्द नाही. मागे माणूस बसणार असेल तर त्याला धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं आवरण हवं, एवढंच नियम सांगतो. 'कपडे' म्हणजे साडी, ओढणी, बुरखा, धोतर, पावसाळ्यातला रेनकोट, सगळंच. बोलताना त्याचं साडी गार्ड झालं आणि आमच्या घरांतून समज पसरला की ही साडी नेसणाऱ्यांची सोय. चाकाला कापडाची जात कळत नाही. 1927 साली फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी गेली, ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून.

बाकीच्या गार्डांना माझा विरोध नाही. मीही जुनी हिमालयन चालवतो. दगडगोट्यांच्या वाटेवर बॅश प्लेट इंजिनाचा तळ वाचवते. गाडी आडवी झाली तर हँड गार्डमुळे क्लच-ब्रेकचे लिव्हर तुटत नाहीत आणि माणूस घरी पोचू शकतो. फक्त हे सगळं संरक्षण मुख्यतः गाडीचं आहे. माणसाचं संरक्षण माणसाच्या अंगावर असतं: आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि कोपर-खांद्याला आर्मर असलेलं जॅकेट. आर्मरवर ईएन 1621 असा युरोपियन मानकाचा आकडा आणि लेव्हल 1 किंवा 2 लिहिलेलं असतं. लेव्हल 2 धक्का जास्त शोषतं. भाच्याकडे हे सगळं होतं, पण एकाच माणसापुरतं. सुनेच्या डोक्यावर त्या दिवशी हेल्मेटही नव्हतं. कायद्याने ते मागच्यालाही लागतं, आणि हिजाबवर ते बसत नाही ही सबब खरी नाही. आत पातळ सुती टोपी घातली, पिना काढल्या आणि त्यावर माप घेऊन हेल्मेट घेतलं की नीट बसतं.

प्लास्टर निघाल्यावर भाच्याने नवा बेत सांगितला. लडाखला जायचं, दोघांनी, आणि त्याआधी पुढचे-मागचे शॉकअप महागातले टाकायचे. घाटात वळणावर पुढचं चाक हलकं वाटतं, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, अशी त्याची तक्रार. मी म्हटलं, आधी मोजू या.

मोजायला टेप पुरते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी चाकांवर उभी करून, माणसं बसवून पुन्हा तेच अंतर घ्यायचं. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग, वजनाने गाडी किती बसली ते. तो सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण 30 टक्के असावा. त्याच्या 411 सीसी हिमालयनला मागे 180 मिलिमीटर हालचाल आहे, म्हणजे 54 च्या आसपास. भाचा एकटा बसला तेव्हा आकडा बरोबर आला. मग मी सुनेला मागे बसवलं आणि भरलेल्या बॅगा लावल्या. फरक 80 च्या पुढे गेला. मागची बाजू इतकी बसली की पुढच्या चाकावरचा भार कमी होणार आणि खड्ड्यात स्प्रिंग तळाला टेकणार. त्याच्या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच होतं.

स्प्रिंगच्या टोकाशी एक पायऱ्यापायऱ्यांचं कडं असतं, ते पान्याने फिरवून प्रीलोड वाढवता येतं. पुष्कळांना वाटतं याने स्प्रिंग कडक होते. होत नाही, फक्त गाडीची उंची सावरली जाते. शेवटच्या पायरीवरही दोघांचं वजन पेललं नाही, तेव्हा ठरवलं की मागे जास्त ताकदीची स्प्रिंग टाकायची. पुढच्या फोर्कला सध्या हात लावायचा नाही. तिथे नुसतं जाड ऑइल भरलं तर हालचाल मंदावते, भार पेलला जात नाही. बेतातला अर्ध्याहून जास्त खर्च वाचला.

इतके महिने भाच्याने गाडी बारकाईने सजवली, पण प्रत्येक माप तो एकटा बसून घेत होता. सीटवर माणसं दोन.

एक गोष्ट आपल्या घरांतही बोलायला हवी. बाईने गाडीवर एका बाजूने बसणं म्हणजे अदब, असं आपण धरून चालतो. तसं बसलं की दोन्ही पाय आणि कपड्याचा सगळा घोळ चाकाच्या एकाच बाजूला येतो, वजन एकीकडे कलतं आणि ब्रेक लागला की धरायला फारसं काही नसतं. दोन्हीकडे पाय टाकून, आत सलवार आणि वर कपडा मांडीखाली दाबून बसलं तर पडदा जात नाही आणि तोलही राहतो. हे मी माझ्या बहिणीसमोर बोललो तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. सून मात्र लगेच म्हणाली, "मामू, मी केव्हाची हेच म्हणतेय."

साडी गार्ड माळ्यावरून उतरवला. वेल्डरकडून बॅगेच्या स्टँडला दोन पट्ट्या जोडून त्याच्या आतून बसवून घेतला. वेल्डरने अर्ध्या तासात काम केलं. हेल्मेट तिने स्वतः पसंत केलं. जॅकेटचं अडलंय. दुकानात पुरुषांचं स्मॉल मिळालं, ते घातल्यावर कोपराचं आर्मर घसरून पुढच्या हातावर येत होतं, म्हणजे पडल्यावर कोपर उघडंच. तिने ते परत करायला लावलं आणि बायकांच्या मापाचं मागवलंय. ते येऊन अंगाला बसेपर्यंत लडाखची तारीख ठरणार नाही, असं तिने भाच्याला सांगून ठेवलंय.