सही करण्यापूर्वी

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संस्थेकडून आला तेव्हा शाळेच्या वाटचालीवर लिहावे असे मनात होते. इतिहासाच्या शिक्षिकेकडून तेच अपेक्षित असावे. परंतु त्याच आठवड्यात या शाळेच्या वसतिगृहात वाढलेली माझी एक विद्यार्थिनी दिग्रसला घरी आली. ती आता गणिताची शिक्षिका आहे. दुबईतील एका आंतरराष्ट्रीय शाळेने तिला नेमणूक देऊ केली होती. मोबाईलवर आलेले अकरा पानांचे करारपत्र माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मॅडम, उद्या संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायची आहे. जाऊ ना?"

"जा," हे उत्तर मी तत्काळ दिले. "सही कर," असे मात्र म्हणू शकले नाही. ती रात्र आम्ही दोघींनी ते करारपत्र ओळीओळीने वाचण्यात घालविली. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज शिक्षक झाली आहेत. त्यांतील काही आज ना उद्या याच वाटेला लागतील. त्यांच्यासाठी त्या रात्रीचे बोलणे येथे लिहून ठेवते.

आमच्या घरात कागदाची एक गोष्ट आहे. माझे आजोबा निरक्षर होते. एका नापिकीच्या वर्षी बियाण्यासाठी दोन एकर जमीन सावकाराकडे गहाण ठेवतो आहोत, अशा समजुतीने त्यांनी अंगठा उठविला. पुढे माझे वडील शाळेत गेले, अक्षरे जुळवू लागले, आणि एके दिवशी त्यांनी तो कागद वाचला. ते गहाणखत नव्हते, खरेदीखत होते. जमीन तोवर गेलीच होती. वडिलांनी मला एम. ए.पर्यंत शिकविले त्यामागे तो कागद होता. "वाचल्याशिवाय बोट टेकवायचे नाही," हे त्यांचे आम्हा भावंडांना नेहमीचे सांगणे असे.

आणि तरीही २००७ साली मी तीच चूक केली. तेव्हा मी एका कायम विनाअनुदानित शाळेत होते. त्या धोरणातील 'कायम' हा शब्द शासनाने २००९ मध्ये काढला. तोपर्यंत माझ्यासारख्या हजारो शिक्षकांची उमेदीची वर्षे नाममात्र मानधनावर गेली होती. आखाती देशातील एका शाळेसाठी समाजशास्त्राची शिक्षिका हवी आहे, असे कळले. मुंबईतील एका दलालाने नव्वद हजार रुपये घेतले आणि सहा पानांचा इंग्रजी करार पुढे सरकविला. मला इंग्रजी वाचता येत होते. परंतु 'हे वाचायला मला वेळ द्या' असे म्हणण्याचा संकोच वाटला. आपली निवड झाली हेच मला मोठे उपकार वाटत होते, आणि उपकार करणाऱ्याचा कागद तपासायचा कसा? दहा मिनिटांत मी सही केली. आजोबांना निदान वाचता येत नव्हते.

तेथे पोहोचल्यावर पासपोर्ट शाळेच्या कार्यालयाने ठेवून घेतला. पगाराचा मोठा भाग भत्त्यांत दाखविला होता, आणि राहण्याच्या खोलीचे पैसे त्यातून कापले जात. पहिल्या वर्षात रजा नव्हती. दोन वर्षांच्या आत काम सोडल्यास व्हिसा व तिकीट यांचा खर्च माझ्याकडून वसूल होणार होता. सारे काही त्या सहा पानांत स्पष्ट लिहिलेले होते. सातव्या महिन्यात वडील गेले. विनंत्या, अर्ज करून पासपोर्ट हाती येईपर्यंत दिग्रसला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. मी नंतर फार दिवस तेथे राहिले नाही. परतल्यावर या शाळेत रुजू झाले, ती आजतागायत.

म्हणून माझे पहिले सांगणे कराराविषयी आहे. करारपत्र हाती आले की किमान तीन दिवस मागून घ्या. जी शाळा तीन दिवस देत नाही, ती पुढे रजाही देणार नाही असे समजा. प्रथम मूळ वेतन पाहा. संयुक्त अरब अमिरातीत सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी मिळते. एकूण पगार ६,००० दिरहम असला आणि त्यात मूळ वेतन २,००० च दाखविले असले, तर वर्षाचे १,४०० दिरहम होतात. मूळ वेतन ३,६०० असले तर २,५२० होतात. पगार तोच, हाती पडणारी रक्कम मात्र निराळी. त्याच देशाचा २०२२ पासून लागू झालेला कामगार कायदा परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांपुरता मर्यादित करतो, भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई करतो आणि पासपोर्ट ठेवून घेण्यासही मनाई करतो. मी गेले तेव्हा मला असले काहीच ठाऊक नव्हते. ज्या देशात जायचे तेथील असा कायदा आधी शोधून वाचणे, हा तुमच्या तयारीचा पहिला पाठ समजा. घर कोण देणार, कितीजणांत देणार, आरोग्य विमा कोणाचा, उन्हाळी सुटीचा पगार मिळणार की नाही, घरी मृत्यू झाल्यास रजा किती, हे सारे लेखी मागा. दूरध्वनीवर दिलेल्या आश्वासनाला किंमत नसते.

दुसरे सांगणे दलालाविषयी. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेल्या भरती प्रतिनिधींची यादी ई-मायग्रेट या शासकीय संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत प्रतिनिधीलाही तीस हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. मी त्याच्या तिप्पट दिले, तेही पावतीविना. पुष्कळ चांगल्या शाळा तर शिक्षकाशी थेट बोलतात आणि प्रवासखर्चही स्वतःच करतात.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. पदवी व बी. एड.ची प्रमाणपत्रे आधी विद्यापीठाकडून, मग राज्य शासनाकडून, नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करावी लागतात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे त्या करारातील देशांसाठी मंत्रालयाचा तो शिक्का पुरतो. अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाची पायरी आणखी चढावी लागते. यात महिने जातात, म्हणून नोकरी मिळण्याची वाट न पाहता आरंभ करावा. आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, बी. एड.वर पतीचे, पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग! राजपत्रात नावबदल वेळीच करून घ्या. माझ्या वयाच्या शिक्षकांच्या पदवीवर 'अमरावती विद्यापीठ' असते आणि आज तेच संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आहे, हेही परक्या कारकुनाला समजावून सांगावे लागते. आमच्या पिढीची निम्मी वर्गमंडळी तर गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच जन्मली आहेत. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला जुळतो की नाही, ते आजच पाहून घ्या.

आणि मूळ प्रमाणपत्रे सामानात टाकू नका. हातातल्या पिशवीत ठेवा, प्रती घरी ठेवा. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांचे ग्रंथ ज्या बोटीने येत होते, ती बोट महायुद्धात बुडविली गेली. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती : चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि त्यांनी डी. एस्सी. पूर्ण केली. शिष्यवृत्ती संपलेल्या, युद्धाच्या काळात घरी निघालेल्या विद्यार्थ्याने परतीची वाट आधी बांधून ठेवली होती. अनुदानित शाळेतून जाणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. संस्थेची व शिक्षण विभागाची लेखी परवानगी हाती आल्याखेरीज नोकरी सोडू नये.

परदेशी विद्यापीठात काम केलेल्या आणखी एका मराठी माणसाचे स्मरण या स्मरणिकेत उचित ठरेल. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून हार्वर्डला गेले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची, हेन्री वॉरन यांच्या मृत्यूने अपुरी राहिलेली आवृत्ती सिद्ध करण्याचे ते काम होते. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव जावे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये कोसंबी परतले. स्वतःच्या श्रमावरचा हक्क त्यांनी सोडला नाही. पुढे ते पुन्हा गेले, काम पुरे केले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५० मध्ये, त्यांच्या पश्चात, आणि त्यावर वॉरन यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे. १९४७ च्या जूनमध्ये आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला. तुम्ही तयार केलेले पाठ, प्रश्नसंच, चाचण्या यांवर मालकी कोणाची, असे एक कलम आजच्या करारांतही असते. ते शोधून वाचा.

१९१८ च्या प्रवासात कोसंबींनी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेले. तो दामोदर अमेरिकेत शिकला आणि पुढे आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वाट दाखविणारा डी. डी. कोसंबी झाला. मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला आजीजवळ ठेवून गेले होते. कुटुंबाचा व्हिसा मिळेल काय, शिक्षकांच्या मुलांना शुल्कात किती सवलत आहे, हे प्रश्न विचारणे म्हणजे हावरटपणा नव्हे.

आता वर्गाविषयी. केंब्रिजच्या किंवा १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या अभ्यासक्रमात पाठ्यपुस्तक पूर्ण करणे म्हणजे शिकविणे नव्हे. माझ्या तेथील शाळेत केंब्रिजचा एक वर्ग होता. त्यात मी एकदा बदली तासाला गेले आणि फलकावर एका लढाईची कारणे लिहू लागले. एका मुलाने विचारले, "ही कारणे कोणी लिहून ठेवली? जिंकणाऱ्यांनी की हरणाऱ्यांनी?" मला प्रथम राग आला. नंतर लाज वाटली. कारण परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेले मीच विहारात मुलांना शिकवीत होते. मुलाखतीच्या वेळी नमुना पाठ घ्यावा लागतो, तेव्हा कमी बोला आणि मुलांना विचार करायला लावा. विषयांचीही चौकशी करा. इंग्लंडने २०२३ पासून भारतीय शिक्षकांनाही पात्र शिक्षकाचा दर्जा मिळविण्याचा मार्ग खुला केला, परंतु तो गणित, विज्ञान आणि भाषा शिकविणाऱ्यांसाठी. इतिहासाच्या बाईंना तेथे दार बंदच आहे.

एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. परदेशात भारतीय सहकारी भेटले की आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग उपवास. कोलंबियात समतेने वागविले गेलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. आज आपली माणसे जात सोबत घेऊन समुद्रापार जातात; अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. मी तेथे काही महिने आडनाव अर्धवट उच्चारीत असे. तुम्ही तसे करू नका. आपले नाव पूर्ण सांगा आणि काम चोख करा. १४ एप्रिलला एकत्र येणारी आपली माणसे आखातातही आहेत, त्यांना गाठा.

समाजातील काही ज्येष्ठ म्हणतात, शिकून परदेशी गेलेला परत पाहत नाही. त्यांची व्यथा खरी आहे. पण बाबासाहेब परदेशी शिकले म्हणूनच १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले. जाण्यात दोष नाही. वर्षातून एकदा येथील मुलांसमोर उभे राहा, तेथे शिकलेली अध्यापनाची रीत आम्हा शिक्षकांना शिकवा, वसतिगृहातील एका मुलीचा वर्षाचा खर्च उचला. आठ-दहा जणांनी एवढे केले तरी या शाळेचे रूप पालटेल.

त्या रात्री आम्ही करारातील पाच कलमांवर प्रश्न काढले. मुलगी घाबरली होती. "मॅडम, एवढे विचारले तर ते दुसरीला घेतील." मी म्हणाले, "घेऊ देत. पण तू वाचून 'नाही' म्हण, न वाचता 'हो' म्हणू नकोस." सकाळी तिने पत्र पाठविले. उत्तर चौथ्या दिवशी आले. मूळ वेतन वाढविले, घरी मृत्यू झाल्यास रजेचे कलम घातले, पासपोर्ट तिच्याजवळच राहील असे लिहून दिले. घरभाड्याविषयीची व पाठांच्या मालकीविषयीची मागणी मान्य झाली नाही. तिने ते समजून घेऊन सही केली.

जाण्यापूर्वी ती विहारात वंदनेला आली आणि कराराची एक प्रत माझ्याकडे ठेवून गेली. घरातल्या लोखंडी पेटीत वडिलांनी जपून ठेवलेले आजोबांच्या अंगठ्याचे खरेदीखत आहे. ही प्रत मी त्याच पेटीत ठेवली आहे.

जय भीम.