स्क्वेल्च फिरवण्याआधी

वाशीम

प्रिय भाऊ,

गाडी सुरू केली की वायरलेसमध्ये शिट्टी आणि खरखर येते, तर फिल्टर कोणता बसवावा, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर : अजून कोणताच नको. आणि स्क्वेल्च तर मुळीच वाढवू नका. आवाज थांबला म्हणजे दोष गेला, ही समजूतच या कामात सगळ्यात जास्त नडते. स्क्वेल्च खरखर घालवत नाही, तो स्पीकरचे दार लावून घेतो. मग दूरची बारीक हाकही दाराबाहेरच राहते. आपल्या वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि मानोरा-मालेगावकडे चढउतारही आहेत. रामनवमीला पोहरादेवीला लोटणाऱ्या गर्दीत मोबाइल लागेलच याची खात्री देता येत नाही. एकाने बोलावे आणि सगळ्यांनी एकाच वेळी ऐकावे, हे काम वायरलेसचेच. अडचणीच्या वेळी येणारी हाक बहुधा दुबळीच असते, आणि संच गाडीत ठेवलेला असतो तो तिच्यासाठी.

एफएम संचाला असल्या गडबडीचा त्रास होत नाही, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. आर्मस्ट्राँग यांनी 1933 साली जिचे पेटंट मिळवले ती रुंद एफएम खरखरीवर मात करते, पण सिग्नल जोरदार असेल तेव्हा. सिग्नल एका पातळीखाली उतरला की खरखर वरचढ होते आणि शब्द एकदम फुटतात. शिवाय एलईडी दिवा किंवा मोबाइल चार्जर जी गडबड करतो ती मोकळ्या चॅनेलवर पुष्कळदा वेगळी ऐकूही येत नाही. संचाचा नेहमीचा सळसळाटच वाटतो. संच बहिरा झालेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. ऐकण्याची क्षमता सहा डेसिबलने घटली, तर मोकळ्या जागेतल्या हिशेबाने टप्पा निम्म्यावर येतो. म्हणून तपासताना रिकाम्या चॅनेलवर विसंबू नका. लांबून कमी पॉवरवर कुणाला तरी बोलत राहायला सांगा आणि त्या काठावरच्या आवाजाला मोजपट्टी माना.

गाडी डीपी आणि विजेच्या तारांपासून दूर उभी करा, नाहीतर गावची गडबड गाडीच्या माथी माराल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीचा सूर चढत असेल तर संशय डायनामोवर, म्हणजे अल्टरनेटरवर. त्यातला एखादा डायोड गेला असेल तर अल्टरनेटरचा करंट जास्तच लहरी होतो. टकटक इंजिनच्या तालावर असेल तर पेट्रोल गाडीत प्लग आणि त्याच्या वायरी पाहा. बोलेरोसारख्या डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतो, तिथे तो शोध व्यर्थ. आता अँटेनाची वायर संचातून काढा. शिट्टी तशीच राहिली तर ती पॉवरच्या वायरीतून येते आहे. गेली तर ती हवेतून अँटेनात शिरते आहे. अँटेना काढलेली असताना बोलण्याचे बटण मात्र चुकूनही दाबू नका, संचाचा आउटपुट जळू शकतो. अँटेना परत जोडून चार्जर, वरचा एलईडी दिवा, पंखा एकेक बंद करत जा, मग एकेक फ्यूज काढा. ज्या घडीला दूरचा आवाज स्वच्छ होईल, त्या घडीला चोर सापडला.

वायरीतला दोष बहुतेकदा अर्थिंगचा असतो, आणि तो ऐकताना दडून राहतो. पंचवीस वॅटचा संच बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो, ऐकताना त्याच्या अंशभर. रंगावरच आवळलेल्या, गंजक्या लगमध्ये ओहमचा दहावा भाग इतका रोध असला, तरी सहा अँपिअरला 0.6 व्होल्ट तिथेच पडतात. अँटेना जोडून बटण दाबा आणि मल्टिमीटरची एक पिन संचाच्या निगेटिव्हला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा; आकडा स्वतःच सांगेल. पॉझिटिव्ह सिगारेट लायटरमधून न घेता थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज लावून आणा. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी काढून घासा. आणखी एक गोष्ट विसरली जाते : तुमच्या बोलण्यातून जाणारी शिट्टी तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही, ती पलीकडच्याला विचारावी लागते.

फिल्टर लावला की पाच मिनिटांत काम होते, एवढी उठाठेव कोण करतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पॉवरच्या वायरीवरचा फिल्टर अँटेनातून शिरणाऱ्या गडबडीला हातही लावू शकत नाही. आणि अँटेना काढून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. वाट कळल्यावर, अर्थिंग घासून झाल्यावरही शिट्टी उरली, तर फिल्टर जरूर लावा. चोर चार्जर निघाला, तर त्याच्या वायरीवर फेराइट चढवा किंवा तो चार्जरच बदला.

हे सगळे झाले की स्क्वेल्च जेमतेम सळसळ थांबेल इतकाच ठेवा, इंजिन चालू ठेवून लांबच्या माणसाशी बोला, आणि त्याला काय ऐकू आले ते मला कळवा.

आपला स्नेही